हळू वाजवायची हिंमत

संगीतकार कारेल हुसाने फुंकवाद्यांच्या बँडसाठी लिहिलेल्या ‘म्युझिक फॉर प्राग 1968’चा स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) हातात आला की बँडवाले शेवटची पानं आधी चाळतात. तिथे कागद काळाकुट्ट असतो. सगळे ब्रास (पितळी फुंकवाद्यं) एकदम, सोळांश मात्रांच्या (ठोक्याच्या चौथ्या भागाच्या) झडी, वर घणघणणाऱ्या घंटा. ते पाहून तालमींचं वेळापत्रक आखलं जातं, आणि गणित चुकतं ते तिथेच. सुमारे वीस मिनिटांची ही रचना बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांत, स्टेजवरची निम्म्याहून जास्त माणसं वाद्यं मांडीवर घेऊन गप्प बसलेली असताना. मोठ्या आवाजातली चूक बाकीच्यांच्या गलक्यात खपून जाते. हळू आवाजातली चूक शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळते.

20 ऑगस्ट 1968च्या रात्री सोव्हिएत रशिया आणि वॉर्सा करारातल्या मित्रदेशांचं सैन्य चेकोस्लोव्हाकियात घुसलं. हुसा मूळचा प्रागचा, जन्म 1921चा. तिथून 1946 मध्ये तो पॅरिसला गेला आणि 1954 पासून अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होता. शेजारच्याच इथाका कॉलेजच्या बँडसाठी त्याला नवी रचना करायची होती. सैन्य घुसल्याची बातमी आली आणि त्या रचनेचा विषय ठरून गेला. 31 जानेवारी 1969 रोजी वॉशिंग्टनमध्ये केनेथ स्नॅपच्या हाताखाली इथाकाच्या विद्यार्थ्यांनी ती पहिल्यांदा वाजवली. त्याच वर्षी हुसाला पुलित्झर मिळालं, पण ते एका स्ट्रिंग क्वार्टेटसाठी. व्हायोलिनसह पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीचं रूप त्याने मागाहून केलं, आणि हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बँडच्या वाट्याला एरवी ऑर्केस्ट्राचं उष्टं येतं: कुणीतरी व्हायोलिनच्या ओळी क्लॅरिनेटला वाटून दिलेल्या असतात. इथे मूळ विचारच फुंकून वाजवायच्या वाद्यांचा आहे. गज ओढून सूर लांबवायची सोय नाही. जे काही आहे ते दमसासावर आणि तालवाद्यांच्या काठीवर.

हुसाने स्वतः लिहिलेली एक प्रस्तावना स्कोअरच्या सुरुवातीला आहे. ती कार्यक्रमपत्रिकेत संपूर्ण छापावी, नाहीतर वादनाआधी श्रोत्यांना वाचून दाखवावी, अशी त्याची इच्छा होती. रचना तीन धाग्यांनी बांधली आहे असं तो सांगतो. पहिला धागा पंधराव्या शतकातलं हुसाइट योद्ध्यांचं, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांचं गीत. चेक संगीतकार स्मेतानानेही ‘माझा देश’मध्ये तेच घेतलं होतं. दुसरा, शेकडो मनोऱ्यांच्या प्रागमधल्या घंटांचा नाद. तिसरा, तीन कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या संचांची) एक छोटी आकृती. शिवाय सुरुवातीला पिकोलोवर (छोट्या, उंच सुराच्या फ्लूटवर) एका पक्ष्याची हाक आहे. हजार वर्षांच्या आयुष्यात प्रागने जे स्वातंत्र्य फक्त काही क्षण पाहिलं, त्याचं ते चिन्ह.

प्रस्तावना वाचून दाखवायची असेल तर एक व्यावहारिक अडचण येते, तिचा विचार आधीच करावा. वाचायला दोनेक मिनिटं लागतात. तेवढ्यात एसीच्या हॉलमध्ये पिकोलो गार पडतो. हवेचं तापमान एका अंशाने उतरलं की फुंकवाद्याचा सूर साधारण तीन सेंट उतरतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). आतली हवा पाच अंशांनी गार झाली की पंधरा सेंटचा फरक, आणि एवढं कणसूर कुणाच्याही कानाला बोचतं. वाचन चालू असताना पिकोलोवाल्याने वाद्य मुठीत धरून आवाज न करता त्यात गरम श्वास सोडत राहावं. साधी गोष्ट आहे, पण कंडक्टरने सांगितल्याशिवाय कुणी करत नाही, कारण प्रेक्षकांसमोर तसं करायला संकोच वाटतो.

आता ती पहिली दोन मिनिटं. टिंपनीवर (सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांवर) हुसाइट गीताची सुरुवात अगदी हलक्या ठोक्यांनी येते. वर पिकोलो. खाली फ्लूट, क्लॅरिनेट आणि हॉर्न यांच्यात त्या तीन कॉर्ड, त्याही अतिशय मंद. वाचायला सोपं आहे, दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा सूर काढील. पण फ्लूट हळू वाजवला की सूर खाली घसरतो, आणि क्लॅरिनेट हळू वाजवलं की सूर वर चढतो. दोन्ही वादक प्रामाणिकपणे हळू वाजवत असतात, म्हणूनच एकमेकांपासून लांब जातात. ‘ऐका, ऐका’ असं ओरडून उपयोग नाही. फ्लूटवाल्याने हवेचा झोत थोडा वर उचलायचा आणि वेग टिकवून झोत बारीक करायचा. क्लॅरिनेटवाल्याने ओठांची पकड सैल सोडायची, रीड (तोंडातली पातळ पट्टी) दाबायची नाही. तरीही सूर चढाच राहिला तर ती एक जागा सूर खाली आणणाऱ्या बोटांनी धरायची. हॉर्नचा पहिला सूर फुटायची भीती असते, म्हणून ते थोडे उशिरा येतात आणि कॉर्ड तिरपी पडते. यावर उपाय म्हणजे कंडक्टरने ठोका न देता श्वास द्यायचा: तिन्ही गटांनी एकत्र श्वास घ्यायचा आणि त्या श्वासाच्या वळणावर सूर सोडायचा. सुरुवातीच्या तालमींत हे इशाऱ्याशिवाय, डोळे मिटून करून पाहावं. जमलं की मग बॅटन हातात घ्यावी.

टिंपनीचंही असंच. मंद आवाजासाठी मऊ काठी घ्यायचा मोह होतो आणि मग ठोक्यातला सूर जाऊन नुसती घरघर उरते. उलट, जरा कडक, लहान डोक्याची काठी घेऊन कडेपासून चार बोटांवर अलगद मारलं तर आवाज लहान राहतो आणि सूर स्पष्ट येतो. इथे गीत ओळखू येणं महत्त्वाचं आहे. वीस मिनिटांनी तेच गीत सगळा बँड मिळून गर्जत म्हणणार असतो, आणि आत्ता ते कानावर नुसतं पडून गेलं नसेल तर त्या गर्जनेला मागचा पुढचा काही संबंध राहत नाही.

याच जागी आणखी एक खलनायक असतो, स्नेअर ड्रम. त्याला कुणी हात लावलेला नसतो, तरी त्याच्या तळाच्या तारा टिंपनीच्या नि हॉर्नच्या कंपनांनी चरचरायला लागतात. तालमीच्या खोलीत हे लक्षात येत नाही, हॉलमध्ये पहिल्या मिनिटालाच येतं. ड्रमच्या बाजूचा खटका पाडला की तारा सुटतात आणि चरचर थांबते. पण मग तो खटका योग्य वेळी परत लावावा लागतो, कारण तिसऱ्या भागात त्याच ड्रमवर सगळा डोलारा उभा आहे. वादकाच्या कागदावर दोन्ही जागी लाल पेन्सिलीने खूण हवी: इथे बंद, इथे चालू. अनुभवी वादकही हे विसरतात. मग शून्यातून चढत जायच्या रोलऐवजी (सलग, दाट ठोक्यांऐवजी) एखादं बोदं टमटम ऐकू येतं.

मंद सुरुवातीनंतर फॅनफेअर: ट्रम्पेटच्या संकटाच्या हाका, एकाच सुरावरच्या वेगवान आवृत्त्या, अर्ध्या सुराच्या अंतराने एकमेकांना खेटून बसलेले ब्रास. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे प्रत्येक गट आधीच्यापेक्षा मोठा वाजवतो आणि मध्यावरच आवाजाला छत लागतं. तालमीत हा सगळा उतारा मध्यम-हलक्या आवाजात, पूर्ण वेगात काढावा. जिभेची ‘तकतक’ हळू आवाजात स्वच्छ निघाली तर मोठ्या आवाजात निघतेच, उलटं मात्र घडत नाही. दुसरी भानगड सुरांची. शेजारचा अर्धा सूर वर वाजवत असला की माणूस नकळत सरकून त्याच्या सुरात जाऊन बसतो. चांगल्या कानाच्या वादकाला तर हे जास्त छळतं, कारण त्याला आयुष्यभर मिळतंजुळतं घ्यायलाच शिकवलेलं असतं. म्हणून अशा कॉर्ड जोडीजोडीने तपासाव्यात. पहिला आणि दुसरा ट्रम्पेट, मग दुसरा आणि तिसरा, प्रत्येक जोडी चार मोजेपर्यंत लांब धरून. दोन सुरांमधली घासाघीस कानाला खरखरीत लागली पाहिजे. ती अचानक गुळगुळीत झाली की समजायचं, कुणीतरी सरकलं. सरळ म्यूट (ट्रम्पेटच्या तोंडात बसवायचं बूच) लावला की सूर थोडा चढतो, तेव्हा ट्यूनिंग स्लाइड (सूर लावायची सरकती नळी) किती बाहेर काढायची ते प्रत्येकाने आधीच मोजून ठेवावं. तालमीत ट्यूनरसमोर म्यूटसकट एकदा आणि म्यूटशिवाय एकदा वाजवून पाहिलं तर पाच मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या भागात, आरियात (गाण्यासारख्या भागात), मोठी ओळ सॅक्सोफोन आणि खालच्या लाकडी वाद्यांकडे जाते. आपल्या कानाला इथे चुकल्यासारखं होतं. बारा सुरांपैकी कुणी घरचा नाही, षड्ज सापडत नाही, तानपुरा धरायचा म्हटलं तर कशावर धरायचा? तरीही ओळ गायची आहे, नुसती मोजायची नाही. सॅक्सोफोनवाल्यांना वाद्य बाजूला ठेवून ती तोंडाने गायला लावावी. सुरुवातीला हसतील, अडखळतील. ज्या उडीवर गळा अडतो तिथेच वाद्यावरही सूर सैल असतो, हे लगेच दिसतं. श्वास एकाआड एक चोरायचा. बारच्या (तालाच्या एका आवर्तनाच्या) रेषेवर कुणी श्वास घ्यायचा नाही, शेजाऱ्याबरोबर घ्यायचा नाही, आणि परत येताना हळू शिरून मग मूळ आवाजाला पोहोचायचं. कोण कुठे श्वास घेणार हे ठरवून कागदावर लिहावं. ‘आपोआप जमेल’ म्हणून सोडलं तर सगळे एकाच जागी दम घेतात, हमखास.

आरियाच्या मध्यावर सुरुवातीच्या त्या तीन कॉर्ड परत येतात, या वेळी प्रचंड आवाजात. त्या दोन जागा एकाच तालमीत पाठोपाठ वाजवल्या पाहिजेत: पहिलं पान, लगेच आरियाचा मध्य, परत पहिलं पान. वादकांना नातं कळलं की मोठ्या कॉर्डमधला आडदांडपणा आपसूक जातो. शिवाय इथे स्वरांच्या घसरगुंडीची दिशा उलटते. फ्लूट जोरात चढतो, क्लॅरिनेट जोरात उतरतं. हळू आवाजासाठी शिकलेल्या सवयी इथे जशाच्या तशा आणल्या की कॉर्ड फाटते.

तिसरा भाग, इंटरल्यूड, फक्त तालवाद्यांचा आहे, आणि पूर्ण रचनेत माझ्या लेखी सर्वात कठीण. व्हायब्राफोन, छोट्या सुरेल अँटीक झांजा, वेगवेगळ्या आकारांचे त्रिकोण, टांगलेल्या झांजा, टॅमटॅम (मोठी टांगती घंटाथाळी). आणि बहुतेक सगळं शांततेच्या काठावर. मधोमध पोहोचून रचना जवळजवळ आपल्याच पावलांवर मागे फिरते. बँडच्या तालमीत या लोकांना कुणी वेळ देत नाही. साठ जणांना गप्प बसवून सहा जणांना शिकवायचं कुणाच्या जिवावर येत नाही? म्हणून त्यांची तालीम वेगळी, पहिल्या आठवड्यापासून, आणि त्याआधी मांडणीचा नकाशा. कोणतं वाद्य कोण वाजवणार, कोणतं दोघांत वाटून आहे, एका वाद्यावरून दुसऱ्याकडे जायला किती पावलं आणि किती मात्रा मिळतात, हे सगळं कागदावर उतरवावं. जमिनीवर चिकटपट्टीने खुणा कराव्यात. काठ्या टेबलावर टॉवेल पसरून त्यावर ठेवाव्यात, नाहीतर ठेवतानाचा खट्ट आवाज संगीतापेक्षा मोठा होतो. त्रिकोण बारीक नायलॉन दोऱ्यावर टांगावा. जाड सुतळीने नाद मरतो. शिवाय एक जास्तीचा दोरा बांधून ठेवावा, कारण ऐन कार्यक्रमात पहिला तुटतोच. अँटीक झांजा लिहिल्यापेक्षा दोन सप्तक वर वाजतात. स्कोअर वाचून डोक्यात सूर ऐकणाऱ्या कंडक्टरला त्यांचा तोल आधी कळत नाही, जागेवर ऐकूनच ठरवावा लागतो.

टॅमटॅमची गोष्ट वेगळीच. तो आळशी आहे. मारल्यावर आवाज फुलायला वेळ घेतो, आणि मंद ठोका तर कधी कधी लागतच नाही. म्हणून खऱ्या ठोक्याआधी एक-दोन सेकंद काठीने त्याला न ऐकू येईल असा स्पर्श करून जागं करायचं. मग ठोका वेळेवर बोलतो. थांबवायचा असेल तर एका हाताने भागत नाही. पुढून एक हात, मागून दुसरा, आणि गुडघाही टेकवावा लागतो.

शेवटी स्नेअरचा रोल वाढत वाढत, न थांबता चौथ्या भागात जाऊन आदळतो. रोल कडेला सुरू करावा, तिथे आवाज बारीक आणि कोरडा असतो, आणि जोर वाढेल तसं मध्याकडे सरकत यावं. घाई करायची नाही. बहुतेक वादक निम्म्या वाटेवरच शिखर गाठतात आणि उरलेला वेळ पठारावर काढतात. बार मोजून प्रत्येक टप्प्यावर आवाजाची पातळी लिहून ठेवली की ही चूक टळते.

चौथा भाग, टोकाटा (वेगवान वादन) आणि कोराल (स्तोत्रासारखं समूहगीत). वेगाचा खरा शत्रू इथे स्टेजचं अंतर आहे. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो, म्हणजे बारा मीटर रुंद स्टेजच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोहोचायला 35 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 132 ठोके असतील तर एक सोळांश 114 मिलिसेकंदांचा. अंतराची ही उधारी त्याच्या जवळपास एक तृतीयांश झाली. मागच्या रांगेतला झायलोफोनवाला पुढच्या फ्लूटचं ऐकून वाजवू लागला तर प्रेक्षकांना तो उशिरा ऐकू येणारच. त्याने कानावर विश्वास न ठेवता बॅटनवर ठेवावा, आणि कंडक्टरने बॅटन लहान, टोकदार ठेवावी. मोठे गोल फिरवणारे हात इथे घात करतात. शेवटच्या आधी काही जागा अशा येतात की वादकाने दिलेले सूर आपापल्या वेगाने फिरवत राहायचे असतात. सूचना वाचली की सगळ्यांना हायसं वाटतं, मोकळीक मिळाली म्हणून. पण पाच-सात सेकंदांत बँड नकळत एकाच ठेक्यावर येतो, कारण एकत्र वाजवायची सवय हाडांत मुरलेली असते. हे मोडायला शेजाऱ्या-शेजाऱ्यांना मुद्दाम वेगळे वेग द्यावेत: एकाला 60, पुढच्याला 88, त्यापुढच्याला 104. मेट्रोनोम कानाला लावून घरी पाठ करून यायचं. कंडक्टरने तिथे ताल देऊ नये, फक्त बोटांनी एक, दोन, तीन असे टप्पे दाखवावेत.

त्या गोंधळातून गीत वर येतं, सगळ्यांच्या तोंडी एकच ओळ, कॉर्ड नाही, खाली आधार नाही. हुसा ते पूर्ण गीत कधीच देत नाही, इथेही नाही. साठ लोकांचा एकच सूर म्हणजे लपायला जागा नाही. आधी ते ट्यूबा आणि खालच्या क्लॅरिनेट-सॅक्सोफोनवर मध्यम आवाजात पक्कं करावं, मग वरच्या वाद्यांना त्यावर एकेक थर म्हणून चढवावं. न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये शाळेच्या बँडात तिसरं क्लॅरिनेट वाजवणारं एखादं मराठी पोर ‘माझा पार्ट काय महत्त्वाचा’ म्हणून कुरकुरत असेल, तर त्याला या पानाची आठवण द्यावी. इथे तिसरं क्लॅरिनेट उतरलं तर पहिलंही बेसूर ठरतं.

जोर राखून ठेवणं हेही तंत्रच आहे. ब्रासवाल्यांचे ओठ सूज आलेले असतील तर ही पानं वाजत नाहीत. तेव्हा शेवटचा भाग दर तालमीत शेवटी घेऊ नये. आठवड्यातून एकदा तो सुरुवातीला, ताज्या ओठांनी घ्यावा आणि पूर्ण ताकदीने एकदाच वाजवावा. कानांचाही हिशेब असतो. कामाच्या जागी 85 डेसिबलला आठ तास ही अमेरिकेत शिफारस केलेली मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे 100 डेसिबलला पंधरा मिनिटं. बंद खोलीत हा शेवट सहज तिथवर जातो. ट्रम्पेटच्या थेट पुढे बसलेल्या बॅसून-ओबोवाल्यांना वादकांसाठीचे इअरप्लग द्यावेत आणि त्यांची रांग एक-दीड मीटर पुढे सरकवावी.

कार्यक्रमात ही रचना मध्यंतराच्या लगेच आधी ठेवणं मला पटत नाही. तालवाद्यांची मांडणी नीट करायला निदान वीस मिनिटं हवीत. तो वेळ मध्यंतरात आपोआप मिळतो, म्हणून ती मध्यंतरानंतर ठेवावी. काँट्राबास क्लॅरिनेटसारखी वाद्यं बाहेरून मागवलेली असतील तर त्यांचे वादकही तोवर शांतपणे जागेवर बसलेले असतात. आणि तिच्या मागे दुसरं काही लावू नये. तेव्हा ब्रासच्या ओठांत काही उरलेलं नसतं, आणि ‘वन्स मोअर’साठी एखादा मार्च हाताशी ठेवला असेल तर तो त्या दिवशी बॅगेतच राहू द्यावा.